पानथरीचा डॉक्टर

गुणाजीच्या तळपायाखाली काटा मोडून पडायचा, पण आत शिरायचा नाही. माजिवड्याच्या मिठागरात पोर जरा हाडापेराने भरलं की त्याला मोठ्यांच्या रांगेत उभं करत. घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्यात चिखल तुडवायचा, टाचेने ठोकून ठोकून फरशीसारखा गच्च करायचा, तेव्हा कुठे त्यावर पांढरं मीठ धरायचं. चिखल ढिला राहिला तर मीठ काळं निघे, आणि ज्याच्या टाचेने कसूर केली त्याच्या कानशिलात बसे. पहिल्या हंगामात पायाची सालं निघत, दुसऱ्यात भेगांतून रक्त येई. तिसऱ्यानंतर पाय कातड्याचा उरत नसे, लाकडाचा होई. गुणाजीचा तसा झाला होता. त्याचा धाकटा भाऊ धाकू, त्याचाही.

हे पाय कल्याणला गोऱ्यांच्या फुटबॉलमध्ये कामाला आले.

अठराशे सत्तरनंतरची ही गोष्ट. माजिवड्याचं मीठ पडावांत भरून खाडीने कल्याण बंदरात जाई. गोणी उतरवून झाल्या की ओहोटी लागेपर्यंत माणसांना काम नसे. स्टेशनापलीकडच्या माळावर गाडी बदलायला थांबलेल्या गोऱ्या पलटणींचे तंबू पडत आणि तंबूंपुढे सोल्जर लोक कातड्याच्या चेंडूमागे धावत. गुणाजी आधी नुसता बघत बसे. मग नाल्यात गेलेला चेंडू काढून द्यायला लागला. एके दिवशी त्याने तो हाताने न देता नाल्यातूनच लाथेने परत धाडला. चेंडू तंबूंच्या वरून गेला. सोल्जर वळून त्याच्या पायांकडे बघत राहिले. पायांत काहीच नव्हतं.

त्यानंतर गडी कमी पडला की हाक यायची, "ए, नंगा पाव! इधर आव!"

खेळाचे नियम कुणी समजावले नाहीत. चेंडूला हात लावायचा नाही, एवढं त्याला बघून कळलं. बाकी सगळंच चालत होतं. सोल्जरांच्या बुटांना खाली लोखंडी खिळे असत. पहिल्याच दिवशी एकाने त्याची नडगी उभी फाडली. गुणाजीने रक्त चिखलाने बुजवलं, आणि तोच सोल्जर पुन्हा समोर आला तेव्हा टाचेने त्याच्या नडगीचा हिशेब केला. सोल्जर लंगडत बाहेर गेला. बाकीचे हसले, दोघांनी टाळ्या वाजवल्या. गोऱ्याला लाथ मारून वर टाळ्या मिळतील अशी जागा साऱ्या ठाणे जिल्ह्यात ही एकच आहे, हे गुणाजीच्या ध्यानात आलं. त्यानंतर त्याने कल्याणची एकही खेप चुकवली नाही.

घरी आई, हौसाबाई, त्याला उंबऱ्याबाहेर अडवायची. "त्या चेंडूत डुकराचा फुगा असतो म्हनतात. आधी आंगोल कर, मग आत ये."

नवरा खाडीत बुडून मेला तेव्हापासून या दोन पोरांवर तिचं घर उभं होतं.

अठराशे त्र्याहत्तरच्या माघात धाकू हट्टाला पेटला. "दादूस, मना पन घे ना! गोणी उचलायला मी, आणि खेलायला तू एकटाच?"

"तुला येतं काय?"

"हुतूतूत माझा पाय कुनी धरलाय का आजवर? आनि मी धरला तर सुटलाय का?"

ते खरं होतं. माजिवड्यात धाकूची पकड प्रसिद्ध होती. तो समोरच्याच्या घोट्यावर झडप घाली आणि त्याचा दम तुटेपर्यंत सोडत नसे. वरून गुद्दे पडोत, लाथा पडोत, पकड आणखी आवळे. गुणाजीने त्याला चेंडू कसा मारायचा ते दाखवलं आणि हात लावू नको म्हणून बजावलं.

"चेंडूला नाय लावायचा," धाकू म्हणाला. "समजलं."

खेळ सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. लाल केसांचा एक दांडगा सोल्जर चेंडू घेऊन सरळ धाकूच्या अंगावर आला. चेंडू कुठे गेला हे धाकूने पाहिलंच नाही. तो जमिनीवर आडवा झाला आणि दोन्ही हातांनी त्याने त्या सोल्जरचा घोटा पकडला. सोल्जर तोंडावर आपटला. दात ओठात घुसले.

माळावर एकच हशा पिकला. धाकूला वाटलं, हा आपला जयजयकार. "धरला रं, दादूस! दम तोडतो बघ याचा!"

"सोड! धाकू, सोड त्याला!"

पण हुतूतूत बाहेरून असं ओरडणारे फार असतात. सोल्जर मोकळ्या पायाने त्याच्या खांद्यावर, मानेवर लाथा हाणू लागला. धाकूने रिवाजाप्रमाणे पकड आवळली आणि गोऱ्याचा दम तुटायची वाट बघत राहिला. गोऱ्याच्या तोंडी हुतूतू नव्हतंच, शिव्या होत्या, आणि शिव्यांचा दम काही तुटत नव्हता. शेवटी बुटाची टाच धाकूच्या बोटांवर बसली तेव्हा हात सुटला.

सोल्जर उठला. त्याने तोंड पुसलं, हाताला लागलेलं रक्त पाहिलं. सोबतीही आता त्यालाच हसत होते. धाकू अजून खालीच होता, बोटं झटकत, हसत, डावाचा निकाल ऐकायला मान वर करून. सोल्जर दोन पावलं मागे गेला. जमिनीवर थांबलेला चेंडू मारताना जातात तसा. मग धावत येऊन त्याने धाकूच्या डाव्या बरगडीखाली लाथ घातली. ओल्या गोणीवर दांडा बसावा तसा आवाज झाला.

गुणाजी त्या सोल्जरच्या अंगावर धावून गेला. चौघांनी त्याला खाली पाडलं आणि तुडवलं. शुद्धीवर आला तेव्हा धाकू त्याच्याजवळ उकिडवा बसला होता.

"मना कायपन नाय झाला," तो म्हणाला. "तुझंच थोबाड बघ."

दोघं चालत बंदरावर गेले. पडाव सुटल्यावर धाकूने पाणी मागितलं. मग पुन्हा मागितलं. त्याचा चेहरा राखेसारखा होत गेला आणि पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं. हात लावू देईना. मुंब्र्याचा डोंगर दिसायच्या आत तो मिठाच्या रिकाम्या गोणींवर मेला.

ठाण्याला खटला झाला. गोऱ्या डॉक्टरने प्रेत फाडलं होतं. त्याने साक्षीत सांगितलं, की मयताची पानथरी, म्हणजे डाव्या बरगडीखालची प्लीहा, रोगाने वाढून नाजूक झालेली होती आणि ती फुटून मृत्यू आला. निरोगी माणूस एवढ्याने मेला नसता. मॅजिस्ट्रेटने सोल्जरला थोडा दंड केला. पलटणीची गाडी सुटायची होती, तो त्या गाडीने निघून गेला.

"पानथरी?" हौसाबाई कचेरीच्या पायरीवर उभी राहून ओरडली. "माझे पोराला रोग? दोन गोणी एका खेपेला न्यायचा तो! डाकतर खोटा बोलला! गोरा गोऱ्यासाठी खोटा बोलला!"

शिपायाने तिला दांडक्याने ढकलून खाली उतरवलं. त्या दिवसापासून ती हे वाक्य रोज बोलू लागली. विहिरीवर, बांधावर, बाजारात, जो भेटेल त्याला. माजिवड्यातल्या पोरांना ते पाठ झालं.

गुणाजी तिच्यासारखा ओरडला नाही. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली. डॉक्टर खोटं बोलला हे सिद्ध करायचं, तर पानथरी म्हणजे काय ते आपल्याला कळलं पाहिजे.

मराठी शाळेच्या पाच इयत्ता त्याने केल्या होत्या. ठाण्याच्या दवाखान्यात बाटल्या धुण्याचं काम त्याने धरलं, मग जखमा बांधण्याचं. तिथल्या नेटिव्ह डॉक्टरने त्याची चिकाटी बघून शिफारस केली आणि तो मुंबईत गेला. तेव्हा तिथे मराठीतून डॉक्टरी शिकवणारा वर्ग होता. त्यात पास होणारे लोक पलटणींच्या इस्पितळांत असिस्टंट म्हणून जात. गावात बोभाटा झाला, आगऱ्याचं पोर मढी फाडायला चाललंय. हौसाबाई बोलणाऱ्यांवर उलटली, "फाडू दे की! खोटं कुठं लपलंय तेच बघायला चाललाय."

फाडायच्या खोलीत बाकीची पोरं नाकाला फडकं लावून बाहेर पळायची तेव्हा गुणाजी कोपरापर्यंत आत असायचा. त्याला हृदय नको होतं, मेंदू नको होता. डाव्या बरगडीखाली हात घालून तो पानथरी बाहेर काढायचा. पहिली मिळाली ती मुठीएवढी, जांभळी, घट्ट. बघा, त्याने मनाशी म्हटलं, एवढीशी असते. मग ठाणे-कल्याणकडची प्रेतं आली. त्यांच्या पानथऱ्या भाकरीएवढ्या निघाल्या, बोट दाबलं तर आत जाईल अशा. हिवतापाने होतं असं, मास्तर म्हणाले, खाडीकाठी घरोघरी आहे. गुणाजीने ते लिहून घेतलं आणि मनातून खोडून टाकलं. ही इस्पितळात मेलेली माणसं. धाकू इस्पितळात मेला नव्हता. धाकूलाही दर भादव्यात हुडहुडी भरायची, चार गोधड्या घेऊन तो थडथडत पडायचा, हे त्याला आठवे. पण भादव्यात माजिवड्यात कोण थडथडत नव्हतं?

फुटबॉल त्याने सोडला नाही. मुंबईत, मग नोकरी लागल्यावर पुण्याच्या छावणीत, जिथे गोरे खेळत तिथे तो मैदानाच्या कडेला जाऊन उभा राही आणि गडी कमी पडायची वाट बघे. आता त्याला हाडं कुठे पातळ असतात हे ठाऊक झालं होतं. खडकीला तोफखान्यातल्या एका गनरच्या पायाची नळी त्याने भर खेळात मोडली. कडकन आवाज आला तेव्हा त्याच्या पोटात गोड वाटलं. संध्याकाळी इस्पितळात त्याच पायाला फळ्या बांधायचं काम त्याच्याकडे आलं. गनर दात-ओठ खात म्हणाला, "तूने तोडा, तूच बांधता!" गुणाजीने पट्टी लागेल त्यापेक्षा थोडी जास्तच ओढली.

अठराशे ऐंशीत, अफगाणांशी लढाई चालू असताना, त्याची पलटण कंदाहारला होती. तिथे त्याला सार्जंट हॉब्ज भेटला.

हॉब्जकडे जखमी वाहणाऱ्या डोलीवाल्यांचा ताबा होता. दाराएवढा रुंद माणूस, आवाज तोफेसारखा. तटाबाहेरच्या धुळीत त्याने इस्पितळाची फुटबॉलची टोळी उभी केली आणि पहिल्याच दिवशी गुणाजीला पुढच्या फळीत घातलं. कुणीतरी कुरकुरला तेव्हा हॉब्ज म्हणाला, "तुम्हाला जिंकायचं आहे की रंग बघायचा आहे?" बाकीचे गोरे गुणाजीला बाबू म्हणत. हॉब्ज डॉक्टर म्हणे. चेंडू मिळाला की आधी गुणाजीकडे धाडी. त्या हिवाळ्यात गुणाजीने पहिल्यांदा कुणाची नडगी न फोडता फुटबॉल खेळून पाहिला, आणि त्याला तो आवडला.

उन्हाळ्यात कंदाहारपलीकडे मैवंदला इंग्रजांच्या फौजेचा मोड झाला. उरलेली माणसं पाण्यावाचून, जीभ बाहेर काढून, कंदाहारच्या तटाआड येऊन पडली आणि अफगाणांनी शहराला वेढा घातला. तटाबाहेरच्या एका गावातून त्यांच्या गोळ्या येत. ते गाव घ्यायला ऑगस्टात एका सकाळी फौज दरवाजा उघडून बाहेर पडली.

ते गाव नव्हतं, मातीच्या भिंतींचा सापळा होता. प्रत्येक भिंतीला भोक आणि प्रत्येक भोकात बंदूक. गल्लीत शिरलेली तुकडी गल्लीतच संपली. ऊन चढायच्या आधी डोल्यांची रांग दरवाज्यापर्यंत लागली. गुणाजी इस्पितळाच्या ओसरीत टेबलापाशी उभा होता. मोठा सर्जन कापायचा, गुणाजी धरायचा, बांधायचा, पुढचा घ्यायचा. क्लोरोफॉर्म पुरवून वापरायचा हुकूम होता, म्हणून ज्याचा पाय गुडघ्याच्या वर कापायचा त्यालाच तो मिळे. खालच्यांना तोंडात चामड्याचा पट्टा. एका शिपायाचा जबडाच गेला होता, त्याला पट्टा कुठे द्यायचा हे कुणालाच सुचेना. कापलेले पाय टोपलीत मावेनात तेव्हा भिंतीशी रचले. गुणाजीच्या पायाखाली रक्ताचा चिखल झाला आणि त्यात त्याचे अनवाणी पाय नेहमीसारखे घट्ट उभे राहिले. बूटवाले घसरत होते.

डोलीवाल्यांत कल्याणपलीकडच्या खडवलीचा राघो होता. बोली ऐकून गुणाजीने तो आपल्या मुलखाचा हे महिन्यापूर्वीच ओळखलं होतं. तिसऱ्या खेपेला तो डोली ठेवून भिंतीला टेकला. दात वाजत होते.

"डाकतर, हुडहुडी भरलीया. कोयनेल द्या वाईच."

गुणाजीने क्विनीनची पुडी त्याच्या तोंडात रिकामी केली. "बस जरा इथे. बाहेर जाऊ नकोस."

"बसू कसा? तो सार्जंट बसू देतोय व्हय! सोताबी पळतोय, आमालाबी पळवतोय. चार गोरी माणसं त्यानं एकट्यानं खांद्यावरनं आणली." राघो कडू तोंड करून हसला. "आगगाडीत बसून जग बघायला मिळंल म्हणून आलो, डाकतर. जगात बघण्यासारखं काय नाय. खडवलीच्या नदीत पाय सोडून बसलो असतो तर बरं झालं असतं."

तो पुन्हा बाहेर गेला. त्यानंतर त्याला आणलं ते उचलून.

बाकीच्या तीन डोलीवाल्यांनी सांगितलं ते असं. डोलीत हॉब्जचा गाववाला होता, मांडी फुटलेला. दरवाज्याच्या आत येताच राघोला घेरी आली, तो पडला, डोली कलली आणि जखमी माणूस फुटक्या मांडीवर दगडात आदळला. त्याची किंकाळी ऐकून सार्जंट धावत आला आणि त्याने राघोला लाथ मारली. जखमी माणूस पाणी पाणी करत मेला. राघोही ओसरीत पोचेपर्यंत गार झाला होता. पोट नगाऱ्यासारखं ताठ.

दुसऱ्या सकाळी सर्जनने ते प्रेत गुणाजीच्या हवाली केलं. "तू फाड. चौकशी होणार आहे, तुलाच सांगावं लागेल."

गुणाजीने सुरी चालवली आणि पोटातलं काळं रक्त बाहेर लोटलं. त्याने डाव्या बरगडीखाली हात घातला. बोटांना जे लागलं ते त्याने बाहेर काढलंच नाही, तसंच धरून उभा राहिला. पानथरी उशीएवढी होती. मऊ, पिकलेल्या फळासारखी, मधोमध फाटलेली. निरोगी माणसाला या लाथेने काळंनिळं होऊन चार दिवस पडून राहावं लागलं असतं. बस.

राघो डोल्या वाहत होता. धाकू दोन गोणी वाहत होता. धाकूलाही भादव्यात हुडहुडी भरत होती.

ठाण्याचा डॉक्टर खोटं बोलला नव्हता. सात वर्षं ज्या खोट्याच्या मागे गुणाजी धावला, ते खोटं नव्हतंच. तो प्रेताशेजारी बसून राहिला, हात कोपरापर्यंत लाल, आणि आईचा आवाज त्याच्या कानात ओरडत राहिला.

बऱ्याच वेळाने त्याने राघोची कातडी परत जागेवर ओढली, आणि तेव्हा त्याला बुटाची खूण दिसली. खिळ्यांचे ठिपके बरगडीखाली उमटले होते, टोकाकडचे खोल, टाचेचा एकही नाही. उभ्या माणसाला ढकलायला पाय उचलला तर सगळा तळवा बसतो, टाच आधी. टोक असं खालून बरगडीत घुसतं ते जमिनीवर पडलेल्या वस्तूला धावत येऊन मारलं तर. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. हे माळावर शिकलेलं होतं.

संध्याकाळी हॉब्ज आला. दाढी वाढलेली, हाताला चिंध्या बांधलेल्या. तो ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला.

"डॉक्टर, तिल्ली बडा था ना?"

"बडा था." छावणीच्या हिंदुस्थानीत पानथरीला तिल्ली म्हणत.

हॉब्जने श्वास सोडला. "सब बोलता, तिल्ली बडा हो तो आदमी ऐसेही मर जाता. वो मेरे ऊपर आया. मैंने पैर से हटाया. बस." मग तो गुणाजीकडे न बघता इंग्रजीत म्हणाला, "डोलीतला तो टॉम माझ्या गल्लीतला होता. आम्ही एकाच चेंडूवर शिकलो."

हॉब्ज निघून गेला.

चौकशीला तीन अंमलदार बसले. डोलीवाल्यांची साक्ष आधी झाली. ते इतके घाबरले होते की एकाने राघो उभा होता म्हणून सांगितलं, दुसऱ्याने आडवा होता म्हणून, तिसरा रडायलाच लागला. हॉब्जने आपलं सांगितलं, तो माझ्यावर चालून आला, मी त्याला पायाने दूर लोटलं. मग गुणाजीला उभं केलं.

"मयताची पानथरी वाढलेली होती?" मधल्या अंमलदाराने विचारलं.

"होय."

"बरीच?"

"फार."

"निरोगी माणूस या माराने मेला असता का?"

मेला असता, एवढे दोन शब्द. कोण तपासणार होतं? प्रेत पुरलं गेलं होतं. त्या दोन शब्दांत धाकू होता, कचेरीच्या पायरीवरचा दांडका होता, आईची सात वर्षं होती. आणि समोर बाकावर हॉब्ज बसला होता, चेंडू आधी त्याच्याकडे धाडणारा.

"मेला नसता," गुणाजी म्हणाला.

अंमलदाराने मान हलवली. "ठीक. जा."

गुणाजी हलला नाही.

"जा, म्हटलं."

"साहेब, माझं संपलं नाही. निरोगी माणूस मेला नसता हे खरं. लाथ बसली नसती तर हाही मेला नसता, हेही खरं. तो लाथेने मेला. आणि लाथ बसली तेव्हा तो जमिनीवर पडलेला होता."

"तू पाहिलंस?"

"नाही."

"मग तुला काय माहीत?"

"खूण बुटाच्या टोकाची आहे, टाचेची नाही. उभ्या माणसाला लोटलं तर अशी उमटत नाही. धावत येऊन मारलेली आहे. सार्जंट हॉब्जबरोबर मी हिवाळाभर फुटबॉल खेळलोय, साहेब. चेंडू जमिनीवर थांबलेला असला की त्यांचा पाय कसा येतो ते मला माहीत आहे. त्यांनाच विचारा."

डावीकडचा अंमलदार हसला. "आता हमाल आणि फुटबॉल एक झाले!" मधला मात्र हॉब्जकडे वळला. हॉब्जची मान खाली गेली होती. त्याला पुन्हा विचारलं, तरी तो वर बघेना. खोटं एकदा बोलला होता, दुसऱ्यांदा त्याच्याने बोलवलं नाही.

"पडलेला होता," तो शेवटी म्हणाला.

हॉब्जच्या बाहीवरचे सार्जंटचे पट्टे उतरवले आणि त्याला काही महिने कोठडी झाली. राघोच्या जिवाला एवढीच किंमत पडली, तरी ठाण्याच्या दंडापेक्षा ती जास्त होती. इस्पितळातले गोरे त्यानंतर गुणाजीशी बोलेनासे झाले. एका संध्याकाळी चौघांनी त्याला तबेल्यामागे गाठलं आणि दोन बरगड्या मोडल्या. त्याने तक्रार केली नाही. वेढा उठल्यावर त्याला सिंधच्या वाळवंटातल्या तापाच्या छावणीत धाडलं, बढती थांबली, आणि अठराशे ब्याऐंशीत तो नोकरी सोडून ठाण्याला परतला. कल्याणला दवाखाना काढायचं त्याच्या मनात होतं. पण आधी माजिवड्याला जायचं होतं, आणि त्या वाटेला त्याचे पाय कधी नव्हे ते जड झाले होते.

हौसाबाई अंगणात मासळी सुकत घालत होती. तिने त्याला बघितलं, डोळे पुसले, आणि पहिला प्रश्न तोच विचारला. "सापडलं का रं? त्या डाकतराचं खोटं?"

"आये, तो खोटा बोलला नव्हता. धाकूची पानथरी मोठीच असनार. आपल्या खाडीवर सगल्यांचीच असते."

तिने हातातली मासळीची टोपली त्याच्या तोंडावर फेकली. मग चालून आली आणि थोबाडीत दिली. एक, दोन, तीन. "मुडदा बसवला तुझ्या डाकतरीचा! एवढी वर्षं मढी फाडलीस ती हे सांगायला? त्या गोऱ्यानं माझा पोर मारला नाय, असं सांगायला आलास?"

"मारला," गुणाजी म्हणाला. त्याने तोंड चुकवलं नाही. "लाथेनंच मारला. पानथरी मोठी होती, आनि तो लाथेनं मेला. दोन्ही खरं आहे, आये."

तिचा हात वरच राहिला. "मग त्या डाकतरानं दुसरं का नाय सांगितलं?"

"त्याला कुनी विचारलं नाय."

"न विचारता सांगता येत नाय?"

"येतं." गुणाजी खाली बसला आणि त्याने तिला राघोची हकीकत सांगितली. खडवलीचा राघो, उलटलेली डोली, बुटाचे खिळे, तीन साहेब, आणि जा म्हटल्यावरही तो कसा गेला नाही ते. हौसाबाई ऐकत होती. मासळीवर कावळे उतरले तरी तिने हाकलले नाहीत.

"कोन होता तो राघो आपला?" तिने विचारलं.

"कुनी नाय."

तिने मासळीवरचे कावळे हाकलले. मग पदर खोचला आणि त्याचं मनगट धरून त्याला ओढत आळीत घेऊन गेली. शेजारच्या तुळसाच्या दारावर तिने थाप मारली, पलीकडच्या गोदाला हाक घातली. बायका बाहेर आल्या, मागून पुरुष आले.

"नऊ वर्सं मी तुमाला सांगत आले, डाकतर खोटा बोलला म्हनून," हौसाबाई मोठ्याने म्हणाली. "ते चुकीचं होतं. आता खरं काय ते माझा पोरगा सांगतो. ऐका."

तिने गुणाजीला पुढे ढकललं.

"सांग. आधी लाथेचं सांग. पानथरीचं मागून."